लाइट गेली की भट्टीकडे

वाघमारेसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या घरी, भरल्या पानावरून उठून जाताना. वाशीच्या नव्या वसाहतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता आणि वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड म्हणून आईने वाघमारे पतिपत्नींनाही जेवायला बोलावलं होतं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला तो उंच, सावळा माणूस पंगतीत मांडी घालून बसला, त्याने पहिला वरणभात कालवला आणि दिवे गेले. बायका मेणबत्त्या शोधायला लागल्या. पुरुषांनी नेहमीप्रमाणे वीजकपातीवर तोंडसुख घेतलं. मेणबत्ती लागली तेव्हा वाघमारेसाहेबांचा पाट रिकामा होता आणि खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज येत होता.

आईचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आमच्या नातेवाइकांपैकी कुणीतरी त्यांना काही लागेल असं बोललं. ते बौद्ध, परभणीकडचे. आमच्या गोतावळ्यात जिभेला हाड नसलेली माणसं कमी नव्हती, तेव्हा तिची भीती अगदीच अस्थानी नव्हती. पण त्यांच्या पत्नी शकुंतलावहिनी शांतपणे पोळीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "त्यांचं असंच असतंय, ताई. लाइट गेली की ते भट्टीकडं जातेत. तुम्ही वाढा." अर्ध्या-पाऊण तासाने साहेब परत आले, हात धुतले, आणि काही झालंच नाही अशा थाटात त्याच पाटावर बसून गार वरणभात जेवले. वाशीचे दिवे गेले म्हणजे दिघ्याच्या कारखान्याचे गेले असं थोडंच असतं, असं मी त्यांना विचारलं. "नसतील गेले तर परत येऊन जेवायचं. गेले असतील तर जेवण कुणाला सुचायलंय?" असं त्यांचं उत्तर होतं.

पुढे मी त्यांच्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले आणि भट्टी म्हणजे काय प्रकरण आहे ते मला कळलं. ठाणे-बेलापूर रस्त्यावर दिघ्याच्या अलीकडे हा कारखाना होता. कल्हईवाला भांड्याला लावतो ते कथील आम्ही काढायचो. परदेशातून काळ्या वाळूसारखं खनिज पोत्यांतून यायचं. त्यात कोळसा आणि चुना मिसळून विजेच्या भट्टीत घालायचा. वरून ग्रॅफाइटच्या तीन कांड्या, माणसाच्या मांडीएवढ्या जाड, भट्टीत उतरवलेल्या असायच्या, आणि त्यांच्यातून वीज खाली उतरली की खनिज वितळून कथील तळाला जमायचं. वर मळीचा थर तरंगायचा. वीज आहे तोवर सगळं ठीक. वीज गेली की ती मळी थिजायची आणि कांड्या तिच्यात रुतून बसायच्या. मग छिन्नी-हातोडा घेऊन आठवडेच्या आठवडे भट्टी फोडत बसायचं आणि तोवर कामगारांनी घरी बसायचं.

म्हणून साहेबांनी एक नियम केला होता. जगात सगळीकडे अपघात झाला की माणूस यंत्रापासून लांब पळतो. इथे लाइट गेली की भट्टीकडे पळायचं. दोघांनी हाताच्या चाकाने कांड्या वर ओढायच्या, एकाने पहारीने भट्टीचं दार उघडायचं, आणि सगळ्यांनी मिळून वरचं कवच फोडत राहायचं. काळोख असो, डोळ्यांत धूर जावो, आधी दार उघडायचं. "भट्टी म्हणजे बाळंतीण आहे," ते म्हणत. "अंधारात तिला एकटी सोडायची नाही."

नियम सांगून थांबणाऱ्यांपैकी ते नव्हते. महिन्यातून कधीतरी, कुणालाही न सांगता, ते स्वतः मुख्य स्विच पाडायचे. कुणी डबा उघडलेला असायचा, कुणी तंबाखू मळत असायचा, आणि अचानक शेडमध्ये काळोख व्हायचा. सगळे शिव्या देत धावायचे. जो थबकला, ज्याने 'खरंच गेली का?' म्हणून वर पाहिलं, त्याची साहेब सगळ्यांसमोर सालटी काढायचे. मला हा छळ वाटायचा आणि तसं मी एकदा बोलूनही दाखवलं. तेव्हा ते म्हणाले, "सामंतबाई, डोकं उशिरा येतंय. माणूस विचार करेपर्यंत मळी थिजते. म्हणून मी यांच्या डोक्याला शिकवतच नाही, पायांना शिकवतो. पायांना एकदा कळलं की ते विसरत नाहीत." हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे की कँटीनमधली पोरं त्यांची नक्कल करताना हेच म्हणायची.

साहेब काही मवाळ, मनमिळाऊ वगैरे नव्हते. हुशार होते आणि ते स्वतःला ठाऊक होतं. चूक मान्य करायची वेळ आली की त्यांना खोकला यायचा. भट्टीच्या खात्यात रोज पांढरा शर्ट घालून यायचे आणि कुणी त्यावर हसलं तर सांगायचे, आमच्या बापजाद्यांना पांढरं घालू दिलं नाही, मी घालणार. शिवाय ठिणगी कुठे पडली ते पांढऱ्यावर लगेच दिसतं. रोज संध्याकाळी वहिनी त्या शर्टाला लागलेली भोकं बघून कपाळाला हात लावायच्या. पण शिकवायला बसले की हा माणूस वेगळा व्हायचा. आमच्या इमारतीतली अर्धीअधिक मुलं त्यांच्याकडे गणित शिकली. मला त्यांनी स्कूटर शिकवली, तीही माझी इच्छा नसताना. "येत नाही म्हणजे काय? कुणी नीट शिकवलं नसेल," असं म्हणून ते कामाला लागायचे.

त्यांचा सगळ्यात आवडता विद्यार्थी होता बाळाराम म्हात्रे. दिघ्याजवळच्या गावातला, आगरी, साहेबांहून दहाएक वर्षांनी लहान. बाळारामच्या घरची भाताची शेतं आणि मिठागराचा तुकडा औद्योगिक वसाहतीत गेला होता आणि त्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली होती. म्हणजे त्या घराची सगळी जमीन आता बाळारामच्या हजेरीच्या कार्डात होती असं म्हटलं तरी चालेल. सुरुवातीला तो भट्टीला इतका घाबरायचा की दाराजवळ जायलाच तयार नसायचा. साहेबांनी त्याच्या हाताला धरून, शब्दशः हाताला धरून, त्याला दारापाशी उभं केलं. वर्षभरात परिस्थिती अशी झाली की स्विच पडल्यावर भट्टीशी पहिला पोचणारा माणूस बाळारामच. पहार त्याचीच. त्याचा जोडीदार तुकाराम जाधव, चिपळूणकडचा, त्याला हसून म्हणायचा की तुला काय काळोखात दिसतं की काय. बाळाराम म्हणायचा, "दिसत कय नाय रं. पाय नेतान."

सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं फार वाईट गेली. वीजकपात इतकी वाढली की कितीही पळा, भट्टी वाचेना. एका उन्हाळ्यात तिन्ही कांड्या एकदम मळीत अडकून मोडल्या आणि कारखाना अडीच-तीन महिने बंद पडला. कामगारांना घरी बसवलं. एकदा स्कूटरवरून जाताना साहेबांना ऐरोलीच्या खाडीकाठी बाळाराम दिसला. गुडघाभर चिखलात तो निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, पकडत होता. त्याने साहेबांना पाहून हसून हात वर केला, पण साहेबांना ते हसणं सहन झालं नाही. घरी येऊन त्यांनी वहिनींना सांगितलं, आणि वहिनींनी मला, की हा माणूस जेवला नाही, आणि रात्री म्हणाला, ज्याची जमीन घेतली त्याला आपण विजेच्या तारेला टांगून ठेवलंय.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात गॅस शिरला. समुद्रातून काढलेला गॅस नळाने उरणला येतो हे सगळेच वर्तमानपत्रात वाचत होते. साहेबांनी मात्र ते वाचून कथलाच्या भट्टीचा विचार केला. गॅसवर चालणाऱ्या भट्टीत वरून ज्योत फिरवायची, खाली खनिज वितळतं. कांड्या नाहीत, रुतणं नाही, मोडणं नाही. मालकांना हे पटवायला त्यांना दोन वर्षं लागली. मालक म्हणायचे, चाललंय ते काय वाईट आहे. मॅनेजर म्हणायचा, वाघमारेंना वीज चालत नाही, उद्या सूर्यही चालणार नाही. साहेब दर सोमवारी नवा नकाशा घेऊन मालकांच्या केबिनपाशी उभे राहायचे.

त्याच काळात एका रविवारी ते वहिनींना, मला, बाळारामला आणि जाधवला घेऊन भाऊच्या धक्क्यावरून लाँचने उरणजवळच्या मोऱ्याला गेले. सहल म्हणून नेलं होतं, पण किल्ला नाही, देऊळ नाही, जेवणाचंही काही ठरलेलं नव्हतं. संध्याकाळ होईपर्यंत आम्हाला बंदरावर बसवून ठेवलं. अंधार पडायला लागला तशी डोंगराच्या पलीकडे आभाळाला लाल छटा आली. उरणला जास्तीचा गॅस उंच नळीच्या तोंडाशी जाळून टाकत, त्याचा तो उजेड होता. जाळं आवरत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याला साहेबांनी विचारलं की हे असं रोज असतं का. तो म्हणाला, "इस्तव रातदिस पेटलेला हाय. पावसात पन इझत नाय."

"ऐकलं का?" साहेब बाळारामकडे वळून म्हणाले. "पावसात पण विझत नाही. एकदा ही आग आपल्या भट्टीत आली की तुला परत चिखलात जायची गरज नाही." बाळाराम बराच वेळ तिकडे बघत राहिला. त्याला ते पटलं की साहेबांचं मन राखायला तो मान हलवत होता, हे मला त्या काळोखात कळलं नाही. परतीच्या लाँचमध्ये साहेब गुणगुणत होते. त्यांना गाताना मी त्याआधी किंवा नंतर कधी ऐकलं नाही.

शेवटी गॅस आला. जुनी भट्टी मोडली, नवी लांबट भट्टी बांधली, एका टोकाला गॅसचा बर्नर आणि त्याला हवा देणारा मोठा पंखा. पहिलं कथील ओतलं त्या दिवशी साहेबांनी सगळ्या खात्याला पेढे वाटले. काम खरोखरच सुधारलं. आधी शेडमध्ये सारखी घरघर असायची, आता नुसता वाऱ्याचा आवाज. लाइट गेल्यावर रुतून मोडायला कांड्याच राहिल्या नाहीत. मात्र एक गोष्ट उलटी झाली होती आणि ती साहेबांच्या पहिल्याच दिवशी लक्षात आली. पंखा विजेवर चालायचा. गॅस विजेवर नव्हे. लाइट गेली की हवा थांबणार. त्याच क्षणी एक झडप आपोआप पडून गॅसही बंद होणार अशी सोय होती. पण ती नाहीच पडली तर तापलेल्या भट्टीत हवेविना गॅस भरत राहणार, आणि अशा वेळी कुणी दार उघडलं, बाहेरची हवा आत गेली, तर स्फोट.

म्हणून नियम उलटा झाला. आता लाइट गेली की भट्टीपासून लांब पळायचं, दाराला हात लावायचा नाही, थेट बाहेरच्या पटांगणात जायचं, आणि तिथल्या मोठ्या चाकाने गॅसची मुख्य लाइन बंद करायची. साहेबांनी मोठी पाटी रंगवून घेतली. एकेकाला समोर उभं करून त्याच्याकडून नियम पाठ करून घेतला. बाळारामने तो घडाघडा म्हणून दाखवला होता, मी तिथे होते. फक्त एक गोष्ट त्यांना करता आली नाही. पेटत्या गॅसच्या भट्टीवर मुख्य स्विच पाडून सराव घेणं शक्य नव्हतं. भट्टी थंड करून घ्यायचा म्हटला तर मालक कामाचे दिवस द्यायला तयार नव्हते, आणि नवीन भट्टी इतकी छान चालली होती की कुणालाच तसली घाई वाटत नव्हती. साहेब दोनदा मागायला गेले. तिसऱ्यांदा गेले नाहीत.

आठेक महिने काही झालं नाही. वीजही तोवर बरी मिळायला लागली होती. मग एका ढगाळ दुपारी मी प्रयोगशाळेत नमुना तोलत होते आणि दिवे गेले. पंख्याचा आवाज हळूहळू खाली येत थांबला. माझ्या खिडकीतून साहेब ऑफिसच्या जिन्यावरून धावत उतरताना दिसले. "बाहेर या, बाहेर," असं ते ओरडत होते. पण इतकी वर्षं काळोखात त्यांचा आवाज फक्त 'लवकर पळा' एवढंच सांगत आला होता. शेडपर्यंत ते पोचायच्या आधीच आत उजेड झाला. आवाज मोठा नव्हता. कुणीतरी जाड सतरंजी झटकावी तेवढाच. नंतर माणसांचे आवाज आले.

झडप पूर्ण बसली नव्हती, तिच्यात खनिजाची भुकटी अडकली होती. बाळाराम नेहमीप्रमाणे पहिला पोचला होता आणि त्याने पहारीने दार उघडलं होतं. त्याच्या मागून आलेला जाधव दोन्ही हातांवर भाजला. बाळाराम संध्याकाळपर्यंत जगला. साहेब इस्पितळात त्याच्या खाटेपाशी बसून होते. शुद्धीत असताना तो त्यांना एवढंच म्हणाला की सायेब, दार उघडला मी. काम बरोबर केल्याचं सांगावं तसं त्याने ते सांगितलं. साहेब त्याला "हो, उघडलंस" म्हणाले. हे मला जाधवने सांगितलं, तो शेजारच्या खाटेवर होता.

दोन-तीन आठवड्यांत चौकशी बसली. मॅनेजर, कामगार खात्याचा अधिकारी आणि बाहेरून आलेले एक सरकारी निरीक्षक. मी घटना पाहिलेली म्हणून मलाही बोलावलं होतं. चौकशीचा सूर पहिल्या तासातच कळला. नियम होता, पाटी होती, बाळारामकडून पाठही करून घेतला होता. तरी त्याने दार उघडलं. कामगाराचा निष्काळजीपणा. असं ठरलं की मामला संपत होता. मालकांचं नाव राहत होतं, आणि विशेष म्हणजे वाघमारेसाहेबांचंही. फक्त बाळारामच्या घराला त्याच्या जागेची नोकरी मिळणार नव्हती, कारण निष्काळजी माणसाच्या वारसाला ती द्यायची नाही असा कंपनीचा रिवाज होता. जमीन गेलेली, माणूस गेलेला, आता ती जागाही जाणार. त्याची बायको यमुना बाहेर गेटपाशी सासूबरोबर बसून होती.

मॅनेजर साहेबांना समजावत होता, आणि खरं सांगायचं तर आपलेपणानेच समजावत होता. वाघमारे, तुम्ही तुमचं काम केलं, पाटी लावली, याउपर कुणी काय करावं. साहेब उठून उभे राहिले. मग ते म्हणाले की तुम्ही तिघं जरा भट्टीच्या खात्यात चला. निरीक्षकांनी विचारलं, तिथे काय आहे? साहेब म्हणाले, साक्ष आहे. मीही त्यांच्या मागोमाग गेले.

भट्टी अपघातापासून थंडच होती, गॅसची लाइन बाहेर तोडून ठेवलेली. माणसं शेडमध्ये खनिज चाळत होती, पोती रचत होती. सगळी तीच माणसं, ज्यांनी बाळारामला उचलून बाहेर आणलं होतं. जाधव त्याच दिवशी कामावर परतला होता, हातांना अजून पट्ट्या होत्या. चौकशीवाले आलेले पाहून सगळ्यांनी माना खाली घालून काम चालू ठेवलं. साहेब सरळ भिंतीपाशी गेले आणि त्यांनी मुख्य स्विच पाडला.

मी ते जन्मभर विसरणार नाही. पोती पडल्याचे आवाज आले, पायांचे आवाज आले. एकही माणूस पटांगणाकडे गेला नाही. दोघं कांड्या ओढायचं चाक फिरवायला धावले, जे चाक नव्या भट्टीला नव्हतंच, त्यांचे हात भिंतीवर फिरत राहिले. आणि लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. साहेबांनी स्विच परत चढवला तेव्हा भट्टीचं दार सताड उघडं होतं आणि जाधव पट्ट्या बांधलेल्या हातांत पहार धरून त्याच्यासमोर उभा होता.

जाधवने हातातल्या पहारीकडे पाहिलं, मग दाराकडे. मग तो खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. "साहेब, मी का उघडलं? मला माहीत होतं ना, मग मी का उघडलं?" साहेबांनी त्याच्या हातातून पहार काढून घेतली. मग ते निरीक्षकांकडे वळले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच करडा होता.

"पाटी मी यांच्या डोळ्यांना दाखवली. पाय मी त्याआधी पाच वर्षं शिकवत होतो. आता निष्काळजी कोण ते लिहा. या सगळ्यांना काढावं लागेल, नाहीतर मला."

त्या दिवशी मला त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला. राग अजून पुरता गेलेला नाही. बाळारामचं नाव राखायला त्यांनी त्याच माणसांना पुन्हा एकदा काळोखात पळवलं होतं, आणि जाधवला त्या दारासमोर पुन्हा उभं केलं होतं. दुसरा काही मार्ग होता का, हे मी बरेचदा मनाशी घोळवलं. बोलून कुणाला पटलं नसतं हे तर उघड होतं. जाधव त्यानंतर भट्टीवर गेला नाही, गेटवर पहाऱ्याला लागला, आणि सांजवेळी दिवे लागायच्या आधी घरी जाता यावं म्हणून कायम सकाळची पाळी मागत राहिला.

निरीक्षकांनी निष्काळजीपणाचा शेरा मारला नाही. यमुनाला माझ्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. वाघमारेसाहेबांना राजीनामा द्यायला सांगितलं, तो त्यांनी खिशात तयारच ठेवला होता. गॅसची भट्टी पुढे नवी माणसं घेऊन सुरू झाली आणि कितीतरी वर्षं उत्तम चालली, हेही सांगितलं पाहिजे. त्यांचा विचार चुकीचा नव्हता.

वाशी सोडण्याच्या आदल्या दिवशी ते बाळारामच्या घरी जायला निघाले आणि मला बरोबर चला म्हणाले. एकटं जायला त्यांचा धीर होत नव्हता, असं मला वाटतं. गावाच्या टोकाला कौलारू घर, समोर कारखान्यांची भिंत. ओसरीवर बाळारामची आई बसली होती, विटलेलं लुगडं, कपाळ मोकळं, नवरा केव्हाच गेलेला. यमुनाने चहा आणून ठेवला. साहेबांनी सांगितलं की नोकरीचं पक्कं झालंय. म्हातारीने मान हलवली. मग ते म्हणाले, "आई, तुमच्या मुलाची चूक नव्हती. मी शिकवलं तसंच त्यानं केलं."

म्हातारीच्या आवाजात राग नव्हता, तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. "मंग गॅस आल्याव दुसरा नाय शिकवलाव त्याला?"

"शिकवलं होतं, आई."

"मंग?"

वाघमारेसाहेबांना खोकला आला नाही. ते म्हणाले, "पहिलं फार चांगलं शिकवलं होतं."

चहा तसाच गार होत होता. म्हातारीने पदराने ओसरीवरची नसलेली धूळ झटकली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मंग आता कुनाला काय शिकवू नका, सायेब." ते "बरं" म्हणाले आणि उठले.

म्हातारी ते रागाने बोलली नव्हती. दमलेल्या माणसाने बोलावं तसं बोलली, आणि पुढे यमुना मला म्हणायची की सासूला तर ते आठवतही नाही. साहेबांनी मात्र ते मनावर घेतलं. परभणीला ते एका गोदामावर नोकरीला राहिले, तिथे माल मोजून घ्यायचा आणि मोजून द्यायचा. शेजारचे लोक मुलांना गणितासाठी घेऊन यायचे, कारण मुंबईकडचा शिकलेला माणूस. ते हात जोडून नाही म्हणायचे. वहिनींची पत्रं मला यायची, त्यांत सुरुवातीला हे सगळं असायचं, मग त्यांनी त्याबद्दल लिहिणं सोडलं.

साहेब गेल्याचं कळलं तेव्हा मी परभणीला गेले. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांची नात, पाच-सहा वर्षांची असेल, दारात चपलांशी खेळत होती, पट्ट्याची बकलं तिला लावता येत नव्हती. वहिनी म्हणाल्या, "ही मध्यंतरी त्यांच्या मागं लागली होती, आबा मला बकल लावायला शिकवा. तुम्हाला सांगते ताई, ते तिच्यापुढं खाली बसले, दोन्ही पायांत चप्पल घालून दिली, दोन्ही बकलं स्वतः लावली. रोज लावायचे. शिकवलं नाही."